एफ म्हणजे दोन अंदाजांचे गुणोत्तर : प्रचरण-विश्लेषण आणि समाश्रयण नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सोयाबीनच्या प्रयोगाचे आकडे घेऊन इंदूरच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, एफ सहा आला, म्हणजे चांगला आला का?" संगणकाने छापलेल्या तक्त्यात सहाचा आकडा होता, त्याच्या शेजारी पी-मूल्य होते आणि त्याखाली, फरक केवळ योगायोगाचा नसावा असे सुचवणाऱ्या, दोन चांदण्या होत्या. चांदण्यांवरून निष्कर्ष काढायला ती शिकली होती, पण हा सहा कशाला कशाने भागून आला, हे तिला कोणी सांगितले नव्हते. परीक्षेत मिळालेले गुण जसे कमी-जास्त असतात, तसा एफ नसतो. तो दोन अंदाजांचे गुणोत्तर असतो, आणि ते दोन अंदाज कोणते हे ठाऊक नसेल तर सहा हा आकडा मोठा की लहान याला अर्थच उरत नाही. म्हणून या लेखात सूत्राच्या आधी अंशस्थानी काय आहे आणि छेदस्थानी काय आहे ते पाहू, आणि प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न पुन्हा विचारू.

परिभाषेबद्दल आधी एक सूचना करतो. इंदूरच्या मराठी घरांतील बहुतेक मुले घरी मराठी बोलतात आणि महाविद्यालयात हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. ज्याला हिंदी पुस्तकांत 'प्रसरण' म्हणतात त्याला मराठीत 'प्रचरण' म्हणतात, आणि वर्गात सर्वजण व्हेरियन्स म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच आहे : आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप. रिग्रेशनला मी येथे समाश्रयण आणि डिग्रीज ऑफ फ्रीडमला स्वातंत्र्यमात्रा म्हटले आहे. प्रचरण-विश्लेषण म्हणजेच अनोव्हा.

पहिली पायरी : आकडे समोर मांडावेत

पुढील आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत. उत्तर त्या विद्यार्थिनीच्या सहावरच यावे आणि हिशेब कागदावर सहज व्हावा, एवढीच काळजी घेतली आहे. सोयाबीन पेरण्याच्या तीन पद्धती आहेत, प्रत्येक पद्धतीचे पाच सारख्या आकाराचे प्लॉट आहेत आणि उत्पादन प्रत्येक प्लॉटमागे किलोमध्ये दिले आहे.

सपाट पेरणी : ८, १०, ९, ११, १२. सरासरी १०.
रुंद वरंबा-सरी : १३, १५, १२, १४, १६. सरासरी १४.
टोकण : ९, १३, १२, ११, १५. सरासरी १२.

तिन्ही सरासऱ्या वेगळ्या आहेत, हे कोणालाही दिसते. पण सपाट पेरणीचे पाच प्लॉट तरी एकमेकांसारखे कुठे आहेत? एका प्लॉटमध्ये ८ किलो निघाले आणि दुसऱ्यात १२, आणि त्यांची पद्धत तर एकच होती. जमिनीची खोली, उगवण, कीड, मोजणीतील चुका अशा अनेक कारणांनी एकाच पद्धतीचे प्लॉटही वेगवेगळे उत्पादन देतात. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की तीन सरासऱ्यांमध्ये दिसणारे अंतर हे प्लॉटांच्या या नेहमीच्या चढउतारातूनच आले असेल, की त्याहून काही अधिक घडले आहे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी चढउतार किती हे दोन वेगळ्या वाटांनी मोजावे लागते.

दुसरी पायरी : एकाच प्रचरणाचे दोन अंदाज काढावेत

पहिली वाट गटांच्या आतून जाते. सपाट पेरणीच्या पाच आकड्यांतून १० वजा करून वर्ग केले तर ४, ०, १, १, ४ येतात आणि त्यांची बेरीज १० होते. तिला ४ ने भागले की प्रचरण २.५ मिळते. भागाकार पाचने का केला नाही, हे नीट समजून घ्यावे. सरासरी १० ठरली की विचलनांची बेरीज शून्य असावीच लागते, त्यामुळे चार विचलने कळली की पाचवे आपोआप ठरते. स्वतंत्रपणे बदलू शकणारी विचलने चारच असतात, आणि म्हणून स्वातंत्र्यमात्रा चार. याच रीतीने वरंबा-सरीचे प्रचरण १० ÷ ४ = २.५ आणि टोकणीचे २० ÷ ४ = ५ येते. तिन्ही गट सारख्या आकाराचे असल्यामुळे या तिघांची सरासरी घेता येते, आणि ती ३.३३ आहे. पद्धतींमध्ये फरक असो वा नसो, हा अंदाज केवळ प्लॉटांचा चढउतार सांगतो, कारण प्रत्येक प्लॉटची तुलना त्याच्याच गटाच्या सरासरीशी केली आहे.

दुसरी वाट सरासऱ्यांमधून जाते. नवशिक्यांची गल्लत बहुधा इथेच होते, म्हणून जरा थांबून पाहू. समजा, पद्धतींमध्ये खरा फरक काहीच नाही. मग १०, १४ आणि १२ या एकाच ढिगातून घेतलेल्या पाच-पाच प्लॉटांच्या तीन सरासऱ्या झाल्या. पाच निरीक्षणांच्या सरासरीचे प्रचरण हे एका निरीक्षणाच्या प्रचरणाच्या एक-पंचमांश असते. तेव्हा तीन सरासऱ्यांचे प्रचरण काढून त्याला पाचने गुणले, तर एका प्लॉटच्या प्रचरणाचाच आणखी एक अंदाज मिळायला हवा. एकूण सरासरी १२ आहे, विचलने −२, २ आणि ०, वर्गांची बेरीज ८, स्वातंत्र्यमात्रा २, म्हणून प्रचरण ४. त्याला ५ ने गुणून २० येतात.

आता २० ÷ ३.३३ = ६. हाच एफ.

अंश आणि छेद या दोघांनी एकच गोष्ट मोजली असती, तर गुणोत्तर एकच्या आसपास आले असते. पद्धतींमध्ये फरक असेल तर तो फक्त अंशात शिरतो, छेदात शिरत नाही. म्हणून अंश फुगतो आणि एफ वाढतो. एफ जेव्हा एकाहून लहान येतो, तेव्हा काही बिघडले असे समजण्याचे कारण नाही. सरासऱ्या योगायोगाने एकमेकींच्या जवळ आल्या एवढाच त्याचा अर्थ. मात्र एफ फारच लहान, शून्याला टेकलेला असेल तर आकडे नोंदवताना काही गडबड झाली का, हे तपासून पाहावे.

पुस्तकांतील तक्ता हाच हिशेब वर्गांच्या बेरजांच्या भाषेत मांडतो. गटांमधील वर्गांची बेरीज ४०, स्वातंत्र्यमात्रा २, माध्य वर्ग (म्हणजे बेरीज भागिले स्वातंत्र्यमात्रा) २०. गटांच्या आतील वर्गांची बेरीज १० + १० + २० = ४०, स्वातंत्र्यमात्रा १२, माध्य वर्ग ३.३३. एकूण बेरीज ८० आणि एकूण स्वातंत्र्यमात्रा १४. बेरजा जुळतात आणि स्वातंत्र्यमात्राही जुळतात. त्या जुळल्या नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी : सहा हा आकडा किती मोठा, हे ठरवावे

फरक नसतानाही एफ नेमका एक येत नाही, तो मागेपुढे होतो; किती होतो हे दोन्ही स्वातंत्र्यमात्रांवर अवलंबून असते. म्हणून एफ लिहिताना त्या दोन्ही लिहाव्याच लागतात : एफ (२, १२) = ६. पहिली मात्रा अंशाची आणि दुसरी छेदाची. त्यांची अदलाबदल झाली तर तक्त्यातील वेगळाच आकडा हाती येतो आणि चूक लक्षातही येत नाही. २ आणि १२ या मात्रांसाठी पाच टक्के पातळीचे सीमामूल्य, म्हणजे फरक नसताना एफ जिच्या वर फक्त पाच टक्के वेळा जातो ती संख्या, ३.८९ आहे आणि एक टक्का पातळीचे ६.९३ आहे. आपला सहा या दोहोंच्या मध्ये पडतो.

अंशाची मात्रा दोन असेल तर पी-मूल्य साध्या कॅल्क्युलेटरवरही काढता येते, आणि ही सोय मला फार आवडते, कारण तिच्यामुळे संगणकाच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबावे लागत नाही. एफला दोनने गुणून छेदाच्या मात्रेने भागावे, त्यात एक मिळवावा, आलेल्या संख्येचा छेदाच्या मात्रेच्या निम्मा घात करावा आणि त्याने एकाला भागावे. आपल्या उदाहरणात २ × ६ ÷ १२ = १; त्यात १ मिळवून २; २ चा सहावा घात ६४; म्हणून पी-मूल्य १ ÷ ६४, म्हणजे सुमारे ०.०१६. एक्सेलमध्ये एफ-डिस्ट-आरटी या फंक्शनला ६, २ आणि १२ हे आकडे दिले की हेच उत्तर येते.

या ०.०१६ चा अर्थ काळजीपूर्वक सांगावा लागतो. पद्धतींमध्ये खरोखर काहीच फरक नसता आणि असाच प्रयोग पुन्हा पुन्हा केला असता, तर दर ६४ प्रयोगांपैकी सरासरी एका प्रयोगात सहा किंवा त्याहून मोठा एफ निव्वळ योगायोगाने आला असता. 'फरक नसण्याची शक्यता १.६ टक्के आहे' असा याचा अर्थ होत नाही. ही चूक प्रबंधांमध्येही आढळते आणि ती भाषेची किरकोळ चूक मानू नये, कारण तिच्यामुळे निष्कर्षच बदलतो.

एफ हे अक्षर कोठून आले, तेही येथेच सांगतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर हे १९१९ पासून १९३३ पर्यंत इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात होते, आणि प्रचरण-विश्लेषणाचा वापर त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबत १९२३ मध्ये बटाट्यावरील खतांच्या प्रयोगासाठी केला. फिशर स्वतः हे गुणोत्तर सरळ वापरत नसत. त्याच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या निम्म्याला ते झेड म्हणत. अमेरिकेतील जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये सरळ गुणोत्तराचे तक्ते दिले आणि फिशर यांच्या सन्मानार्थ त्याला एफ हे अक्षर दिले. फिशर यांनी झेडवरील आपला निबंध टोरांटोच्या गणित परिषदेत मांडला ते वर्ष १९२४ होते, आणि इंदूरला प्लांट इंडस्ट्री संस्था सुरू झाली तीही १९२४ मध्येच. पुढे याच संस्थेत वि. गो. पानसे यांनी कापसाच्या प्रयोगांची आखणी आणि विश्लेषण यांवर काम केले. त्यांनी पां. वा. सुखात्मे यांच्यासह शेतीक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि देशभरातील कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी प्रचरणाचा तक्ता त्यातून शिकले. एफचा अभ्यास इंदूरला बसून करणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

चौथी पायरी : एफ जे सांगत नाही, ते वेगळे काढावे

तिन्ही सरासऱ्या सारख्या आहेत हे गृहीतक टिकत नाही, एवढेच एफने सांगितले. कोणती पद्धत कोणत्या पद्धतीहून वेगळी, हे त्याने सांगितलेले नाही. त्यासाठी तीन जोड्यांच्या तीन टी-चाचण्या (दोनच सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या चाचण्या) करण्याचा मोह होतो. पण प्रत्येक चाचणीत पाच टक्के चुकीची जोखीम घेतली, तर तीन स्वतंत्र चाचण्यांत निदान एकदा चुकण्याची जोखीम १४.३ टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणून सर्व जोड्यांची मिळून जोखीम पाच टक्क्यांत ठेवणारी, संख्याशास्त्रज्ञ टुकी यांची रीत वापरावी. तीन गट आणि १२ स्वातंत्र्यमात्रा यांच्यासाठी तक्त्यातील गुणक ३.७७ आहे, ३.३३ ला ५ ने भागून वर्गमूळ काढले की ०.८१६ येते, दोहोंचा गुणाकार ३.०८. ज्या दोन सरासऱ्यांमधील अंतर ३.०८ किलोहून अधिक, त्या वेगळ्या मानाव्यात. वरंबा-सरी आणि सपाट पेरणी यांच्यात ४ किलोंचे अंतर आहे, ते या कसोटीला उतरते. टोकण मात्र दोघींपासून २ किलोंवर आहे, म्हणून तिच्याविषयी या हिशेबावरून काहीही ठामपणे म्हणता येत नाही.

फरक किती मोठा आहे, हेही एफ सांगत नाही. प्लॉटांची संख्या वाढवत नेली तर अगदी क्षुल्लक फरकालाही मोठा एफ मिळतो. म्हणून सरासऱ्या आणि त्यांच्यातील अंतर किलोमध्येच लिहावे. शेतकऱ्याला हवे असते तेही तेच.

पाचवी पायरी : छेदाकडे संशयाने पाहावे

माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा या पायरीत आहे. वरच्या आकड्यांबद्दल एक माहिती मी मुद्दाम मागे ठेवली होती. समजा, शेत उताराचे होते, माळव्यात असते तसे : वर मुरमाड, उथळ जमीन आणि खाली खोल काळी माती. उताराला आडवे असे पाच पट्टे पाडले होते, प्रत्येक पट्ट्यात तिन्ही पद्धतींचा एकेक प्लॉट होता आणि पट्ट्याच्या आत कोणती पद्धत कोठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. प्रत्येक ओळीतील पहिला आकडा सर्वांत वरच्या पट्ट्याचा आणि पाचवा सर्वांत खालच्या पट्ट्याचा. अशा पट्ट्यांना ब्लॉक म्हणतात.

आता पट्ट्यांच्या बेरजा घ्या : ३०, ३८, ३३, ३६, ४३. वरचा पट्टा सर्वांत दुबळा आणि खालचा सर्वांत सकस, हे स्पष्ट दिसते. पट्ट्यांमधील वर्गांची बेरीज काढण्यासाठी या पाच बेरजांचे वर्ग मिळवून ३ ने भागावेत (६५७८ ÷ ३ = २१९२.६७) आणि त्यातून सर्व पंधरा प्लॉटांच्या उत्पादनाची बेरीज १८० हिचा वर्ग १५ ने भागून आलेले २१६० वजा करावेत. उत्तर ३२.६७. म्हणजे आधी ज्या ४० ला आपण प्लॉटांचा चढउतार म्हणत होतो, त्यातील ३२.६७ हा जमिनीच्या उताराचा परिणाम होता, आणि खरी त्रुटी ७.३३ एवढीच उरली. स्वातंत्र्यमात्राही वाटल्या जातात : पट्ट्यांना ४, पद्धतींना २, त्रुटीला ८, मिळून १४. त्रुटीचा माध्य वर्ग ७.३३ ÷ ८ = ०.९१७ आणि एफ (२, ८) = २० ÷ ०.९१७ = २१.८. वरच्या सूत्राने पी-मूल्य सुमारे ०.०००६ येते.

शेत तेच आहे, प्लॉट तेच आहेत, अंशातील २० देखील तेच आहेत. बदलला तो फक्त छेद, आणि एफ सहावरून जवळजवळ बावीसवर गेला. टुकींच्या रीतीतही फरक पडतो : तीन गट आणि ८ मात्रांसाठी गुणक ४.०४ असल्यामुळे लागणारे अंतर ३.०८ वरून १.७३ किलोंवर येते, आणि आता टोकणही दोन्ही पद्धतींपासून वेगळी ठरते.

पण ही सवलत फुकट मिळत नाही. पट्टे पेरणीच्या आधी आखलेले असले पाहिजेत आणि चिठ्ठ्या प्रत्येक पट्ट्याच्या आत टाकलेल्या असल्या पाहिजेत. काढणीनंतर आकडे पाहून 'हे सारे कमी आले, म्हणजे हा एक पट्टा' असे ठरवले, तर छेद खोटा लहान होतो आणि एफवर कसलाही विश्वास ठेवता येत नाही. उलट बाजूची चूकही तितकीच महागात पडते : प्रयोग ब्लॉकमध्ये आखलेला असताना विश्लेषणात ब्लॉक गाळले, तर वर्षभराच्या मेहनतीने मिळालेली अचूकता वाया जाते. त्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात हेच झाले होते.

पाण्याच्या पाळ्या मोठ्या प्लॉटांना आणि वाण त्यांच्या आतील छोट्या प्लॉटांना दिलेले असतील, तर अशा स्प्लिट-प्लॉट मांडणीत पाण्याचा छेद वेगळा असतो आणि वाणाचा वेगळा असतो. दोघांनाही एकाच छेदाने भागू नये.

सहावी पायरी : समाश्रयणातील एफ वाचावा

समाश्रयणात गट नसतात, रेषा असते. पण प्रश्न बदलत नाही. एकूण चढउतारापैकी रेषेने समजावलेला भाग अंशात जातो आणि उरलेला भाग छेदात जातो, आणि दोघांनाही आपापल्या स्वातंत्र्यमात्रेने भागले जाते. छोटे उदाहरण घेऊ. गव्हाच्या पाच प्लॉटांना पाण्याच्या १, २, ३, ४, ५ पाळ्या दिल्या आणि उत्पादन अनुक्रमे ४, ६, ५, ८, ७ किलो आले. पाळ्यांची सरासरी ३ आणि उत्पादनाची ६. विचलनांच्या गुणाकारांची बेरीज ८, पाळ्यांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज १०, म्हणून उतार ०.८ : म्हणजे एका जादा पाळीमागे ०.८ किलो. एकूण वर्गांची बेरीज १०, त्यातील रेषेने समजावलेली ६.४ आणि उरलेली ३.६. रेषेची मात्रा १, उरलेल्याची ५ − २ = ३, कारण रेषा काढताना छेदबिंदू आणि उतार असे दोन आकडे आपण याच निरीक्षणांतून ठरवले. एफ (१, ३) = ६.४ ÷ १.२ = ५.३३.

या उदाहरणात आर-वर्ग ०.६४ आहे. चौसष्ट टक्के चढउतार समजला, असे कोणी अभिमानाने सांगेल. पण १ आणि ३ मात्रांसाठी पाच टक्क्यांचे सीमामूल्य १०.१३ आहे, आपला एफ त्याच्या निम्म्याच्या जरा वर आहे आणि पी-मूल्य ०.१० च्या आसपास आहे. पाच बिंदूंमधून काढलेली रेषा नशिबानेही एवढी जुळू शकते. आर-वर्ग बिंदूंची संख्या विसरतो, एफ ती ध्यानात ठेवतो. दोन्ही एकत्र वाचण्याचे कारण हेच आहे. उताराची टी-चाचणी केली तर टी २.३१ येतो आणि त्याचा वर्ग ५.३३ होतो. स्पष्टीकरण देणारे चल एकच असताना एफ हा टीचा वर्गच असतो, म्हणून अशा वेळी या दोन चाचण्यांना दोन स्वतंत्र पुरावे म्हणून मोजू नये.

आता वेगळा प्रकार पाहू. इंदूरमधील ३० घरांचे भाडे हजार रुपयांत घेतले आणि ते क्षेत्रफळ, मजला आणि इमारतीचे वय यांवरून समजावले, तर उरलेल्या वर्गांची बेरीज १२० आली, असे धरू. मग दोन चल वाढवले : नर्मदेच्या पाण्याचा नळ आहे की नाही, आणि सिटी बसच्या थांब्यापासूनचे अंतर. उरलेली बेरीज ९६ वर आली. ती कमी होणारच, कारण चल वाढवल्यावर उरलेली बेरीज कधीही वाढत नाही. निरर्थक चल घातला तरी थोडी घटतेच. प्रश्न असा की झालेली घट ही निरर्थक चलांनी झाली असती त्याहून अधिक आहे का? घट २४, नवे चल २, म्हणून अंश १२. पूर्ण प्रतिमानाची उरलेली मात्रा ३० − ६ = २४ (पाच चलांचे पाच उतार आणि एक छेदबिंदू मिळून ६), म्हणून छेद ९६ ÷ २४ = ४. एफ (२, २४) = ३, पी-मूल्य सुमारे ०.०६९, आणि सीमामूल्य ३.४०. या तीस घरांवरून नळ आणि बस यांचा भाड्यावर परिणाम होतो, असे पाच टक्के पातळीवर म्हणता येत नाही. परिणाम होत नाही, असेही यावरून सिद्ध होत नाही. घरे कमी होती, एवढेही कारण पुरेसे असते. याला आंशिक एफ म्हणतात. संगणक तक्त्याच्या माथ्यावर किंवा तळाशी जो एफ छापतो तो मात्र याहून वेगळा असतो. तो सर्व उतार एकाच वेळी शून्य आहेत का, एवढेच विचारतो.

कधी तो एकत्रित एफ खूप मोठा असतो आणि एकाही चलाचा टी सीमेपलीकडे जात नाही. नवशिका अशा वेळी गोंधळतो. क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या हे दोन्ही चल एकत्र घातले की असे होऊ शकते : दोघे मिळून भाडे चांगले समजावतात, पण एकमेकांचेच काम करत असल्यामुळे श्रेय कोणाचे, हे वेगळे करता येत नाही. एफने दोघांना एकत्र तपासले, टीने एकेकाला दुसरा हजर असताना तपासले, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत.

प्रचरण-विश्लेषण आणि समाश्रयण हे दोन वेगळे विषय नाहीत, याची खात्री पहिल्याच उदाहरणावरून करून घ्या. ब्लॉक बाजूला ठेवून, वरंबा-सरी असेल तर १ नाहीतर ०, टोकण असेल तर १ नाहीतर ०, असे दोन चल करून उत्पादनाचे समाश्रयण करा. आर-वर्ग ४० ÷ ८० = ०.५ येईल. ०.५ ला २ ने भागा, उरलेल्या ०.५ ला १२ ने भागा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा : उत्तर पुन्हा ६ येते.

सातवी पायरी : गृहीतके तपासावीत

तिन्ही गृहीतकांना सारखे वजन देऊ नये. उरलेल्या त्रुटींचे वितरण घंटाकृती असावे, हे गृहीतक थोडे ढळले तरी प्रचरण-विश्लेषणातील एफ बऱ्यापैकी टिकतो. गटांची प्रचरणे सारखी असावीत, हे गृहीतक गटांचा आकार समान असेल तर फारसे त्रास देत नाही. आकार असमान असतील आणि प्रचरणेही फार वेगळी असतील, तर वेल्च यांची सुधारित चाचणी घ्यावी. निरीक्षणे स्वतंत्र असावीत, हे तिसरे गृहीतक मात्र मोडले तर काहीच वाचत नाही.

ते किती घातक आहे, हे गव्हाच्या उदाहरणातच दिसते. पाच प्लॉटांपैकी प्रत्येकाचे धान्य चार-चार वेळा तोलले आणि वीस नोंदी संगणकात भरल्या, असे समजा. वजने अर्थातच तीच आली. आता समजावलेली बेरीज २५.६, उरलेली १४.४, उरलेली मात्रा १८, आणि एफ (१, १८) = २५.६ ÷ ०.८ = ३२. एकही नवा प्लॉट न पेरता ५.३३ चे ३२ झाले आणि पी-मूल्य ०.१० वरून एक दशसहस्रांशाच्याही खाली गेले. संगणकाने यात काही चूक केलेली नाही. आपण त्याला वीस प्लॉट आहेत असे सांगितले आणि त्याने ते मानले. म्हणून तक्त्यातील छेदाची मात्रा पाहिली की आपण खरोखर किती स्वतंत्र प्लॉट पेरले, किती घरे पाहिली, किती रुग्ण तपासले, याच्याशी ती ताडून पाहावी. मात्रा त्याहून मोठी असेल, तर एफ वाचण्याआधी नोंदवही पुन्हा उघडावी.

आठवी पायरी : निकाल पूर्ण लिहावा

अहवालात 'एफ सार्थक आहे' एवढेच लिहू नये. पहिल्या उदाहरणाचा निकाल मी असा लिहीन : "उताराला आडव्या पाच ब्लॉकमध्ये, प्रत्येक ब्लॉकमध्ये चिठ्ठ्या टाकून मांडलेल्या तीन पेरणी पद्धतींचे सरासरी उत्पादन प्रत्येक प्लॉटमागे सपाट पेरणी १० किलो, टोकण १२ किलो आणि रुंद वरंबा-सरी १४ किलो असे आले. पद्धतींच्या सरासऱ्यांमध्ये फरक आढळला, एफ (२, ८) = २१.८, पी = ०.०००६, त्रुटीचा माध्य वर्ग ०.९१७. टुकींच्या रीतीने पाच टक्के पातळीवर आवश्यक अंतर १.७३ किलो असून तिन्ही जोड्या एकमेकांपासून वेगळ्या आहेत." त्रुटीचा माध्य वर्ग लिहायला विसरू नये, कारण पुढच्या वर्षी त्याच शेतावर प्रयोग आखणाऱ्याला किती ब्लॉक लागतील, हे ठरवायला तो आकडा लागतोच.